थंड लोखंड

त्या सकाळीही मिस्टर पास्कोंची गाडी त्याच प्रश्नाशी येऊन अडली.

“चिखलात लोळतं,” ते म्हणाले. “शेपटी वळलेली असते. पोटभर खातं आणि घुरघुरत पडतं. त्याला तुमच्यात काय म्हणतात?”

थर्झा थीकरनं त्यांच्यापुढे ताटली ठेवली. ताटलीत दोन अंडी, चरबीत परतलेला पाव आणि त्याच जनावराच्या मांसाचे खरपूस तळलेले काप होते.

“नवरा,” ती म्हणाली.

पास्कोंना हसू आवरलं नाही. “बरं, ते दुसऱ्या रकान्यात लिहितो. पण जनावराला?”

“घुरक्या.”

“ते टोपणनाव झालं, मिसेस थीकर. खरं नाव?”

“आणखी चहा देऊ?” थर्झानं किटली उचलली.

स्कारवाइकमध्ये त्या जनावराचं खरं नाव कुणी काढत नाही. मांस खातात, चवीनं खातात, पण नाव नाही. होडी समुद्रावर असताना ते नाव तोंडातून गेलं तर समुद्राला ऐकू जातं, आणि होडी ढकलताना कानावर पडलं तर त्या दिवशी ती पाण्यात जात नाही. चुकून ऐकलंच तर ताबडतोब थंड लोखंडाला हात लावायचा. असं का, हे गावात कुणी विचारत नाही. का म्हणून विचारणारे सगळे बाहेरचे.

पास्को बाहेरचेच होते. किनाऱ्यावरच्या गावांची जुनी बोली मरायच्या आत टिपून ठेवायची, यासाठी शहरातल्या विद्यापीठानं त्यांना धाडलं होतं. माणूस सालस होता. चुलीच्या चिमट्यापासून माशाच्या कल्ल्यापर्यंत सगळ्याला इथे काय म्हणतात, हे ते थर्झाच्या स्वयंपाकघरात बसून लिहून घेत आणि आवाजही यंत्रात भरून घेत. त्यांचा एक नियम मात्र कडक होता. शब्द आपण कधी उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची, वर्णन करायचं आणि गावकऱ्याच्या तोंडून शब्द येईपर्यंत गप्प बसायचं. आपण म्हटला की समोरचा भिडेखातर मान डोलावतो, आणि मग लिहिलेला शब्द गावाचा राहत नाही.

पण आज थर्झाचं त्यांच्या प्रश्नांकडे लक्षच नव्हतं. तिचे कान बाहेर होते. वारा पडलेला होता, आभाळात नावाला ढग होता, आणि तरीही बंदराबाहेरच्या खडकांच्या पट्टीवर समुद्र गुरगुरत होता. त्या पट्टीला सगळे स्कार म्हणत. वारा नसताना स्कार बोलू लागला की समजायचं, ईशान्येकडून लांबची लाट निघाली आहे आणि तिच्या मागून वादळ येतं आहे. थर्झानं हा आवाज लहानपणी एकदा ऐकला होता. त्याच दिवशी तिचे वडील बंदराच्या तोंडाशी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, उलटलेल्या होडीखाली गेले होते. आज पुन्हा तोच आवाज येत होता.

तिचा धाकटा भाऊ ईलाय पहाटेच बाहेर पडला होता. त्याचे खेकडे धरायचे सापळे जवळ होते, तासाभरात उचलून तो परतणार होता. त्याची तिला तेवढी चिंता नव्हती.

मागचं दार उघडून तिचा नवरा रूबेन आत आला. त्यानं भिंतीवरच्या हवामानाच्या काचेवर बोटानं टकटक केलं. काटा वादळाकडे घसरला. तो काट्याकडे बघत राहिला, आणि मग काही पाहिलंच नाही अशा आवाजात म्हणाला, “जेवणापर्यंत परत येतो. एमॉस! बूट चढव.”

“रूबेन, स्कार बोलतोय.”

“ऐकलं.”

“मग?”

“मग काय? सापळे काय आपले आपण पोहत येणार आहेत?”

आदल्या दिवशी गावातल्या सगळ्यांनी लांबच्या जागेवरचे सापळे उचलून आणले होते. रूबेननं आणले नव्हते. उलट धक्क्यावर उभं राहून त्यानं सगळ्यांना ऐकवलं होतं, की ढगाच्या चिंधीला भिणाऱ्यांनी समुद्र सोडावा आणि परसात कोबी लावावी. आणि माझ्या होडीचं इंजिन म्हणजे काय, हेही सांगून झालं होतं, कारण त्या इंजिनाचं कौतुक केल्याशिवाय रूबेनचा दिवस मावळत नसे. अडीच वर्षांत एकदा तरी बंद पडलंय का, दाखवा! आता त्याचं अख्ख्या हिवाळ्याचं काम तिकडे तळाशी पडलं होतं. सापळ्यांच्या फांद्या त्यानं वाकवल्या होत्या, जाळी थर्झानं विणली होती. तिलाही त्यांची हळहळ होती. पण रूबेनला सापळ्यांपेक्षा कालचं बोलणं जड झालं आहे, हे ती पुरतं ओळखून होती.

“जाऊ दे ते सापळे,” ती म्हणाली. “नवे बांधू. मी विणते.”

“आणि धक्क्यावर तोंड कसं दाखवू?”

“बुडालास तर कुठे दाखवणार आहेस?”

बोलून गेली, आणि तिनं झटकन दाराच्या लोखंडी कडीला हात लावला. रूबेननंही तिच्या पाठोपाठ लावला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

“निदान एमॉसला तरी ठेवून जा.”

“एकट्यानं ओढू सापळे? मास्तर,” रूबेन पास्कोंकडे वळला, “तुमच्या कागदात हा प्रश्न आहे का? एकदा सुरू झालं की थांबत नाही, त्याला काय म्हणतात?”

एमॉस हसत हसत जिना उतरून आला. एकोणीस वर्षांचा पोरगा, बापापेक्षा वीतभर उंच. बापानं बरोबर घेतलं की त्याला जग जिंकल्यासारखं व्हायचं. “अगं आई, जाऊन येतो. बाबा काय मला बुडवायला नेतायत?”

“हात लाव,” थर्झा ओरडली. “लोखंडाला हात लाव आधी!”

त्यानं कडीला हात लावला, आईच्या डोक्यावर टपली मारली आणि तो बापामागून निघून गेला.

थर्झा बंद दाराकडे बघत उभी राहिली. मग ती वळली, आणि तिचा चेहरा बघून पास्कोंनी हातातला काटा खाली ठेवला.

“मिस्टर पास्को, तुम्हाला तो शब्द येतो ना?”

“कोणता?”

“जो तुम्ही कधीपासून माझ्या तोंडून काढू बघताय तो.”

“येतो, अर्थातच.”

“मग चला धक्क्यावर, आणि होडी पाण्याला लागायच्या आत मोठ्यानं म्हणा.”

पास्कोंना सगळं कळायला एक क्षण लागला. “पण मला मनाई आहे, मिसेस थीकर. शब्द आम्ही उच्चारायचा नसतो. आमच्या कामाचा पायाच तो आहे.”

“म्हणजे तुमच्यातही आहे हे!”

“काय?”

“न उच्चारायचं.”

पास्कोंनी बंद दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, “मी तो तिथे म्हटला, तर या गावातला एकही माणूस पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. या गावाचंच नाही, सबंध किनाऱ्याचं काम बुडेल. तुम्हीच का नाही म्हणत?”

“माझा भाऊ बाहेर आहे.”

तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं, की पास्कोंना पुढचं विचारवेना. तीच म्हणाली, “मी म्हटला तर एमॉस वाचेल आणि ईलाय जाईल. मी इथली आहे, मला माहीत आहे मी काय बोलतेय ते. तुम्ही बाहेरचे. नेणतेपणानं बोललेल्याचा राग समुद्र धरत नसेल. नसेलच धरत.”

धरत नाही, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती स्वतःचीच समजूत घालत होती आणि तेही तिला कळत होतं.

पास्कोंनी टोपी घातली. आवाज टिपायचं यंत्र खांद्याला अडकवलं. “काहीतरी निमित्त हवं,” ते पुटपुटले. “होडी ढकलतानाच्या आरोळ्या टिपायला आलो, असं म्हणेन.”

धक्क्याच्या दगडी उतारावर रूबेनची होडी चाकांच्या गाड्यावर चढवून झाली होती. सातआठ पुरुष तिला खांदा लावून उभे होते. होडी कुणाचीही असो, ढकलायला सगळ्यांनी यायचं, ही रीत. बंदराच्या तोंडाशी पाणी वर चढत होतं आणि उसासा टाकल्यासारखं खाली बसत होतं. पुरुष तिकडे बघत होते, एकमेकांकडे बघत होते. रूबेनला थांब म्हणायची एकाचीही छाती होत नव्हती. कालचं ऐकून घेतल्यावर कोण सांगणार त्याला?

उताराच्या कडेला उलट्या टोपलीवर म्हातारा सायलस बसला होता. तो आता समुद्रावर जात नसे, पण समुद्राच्या कायद्यातलं काही अडलं की सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत.

“या मास्तर!” रूबेननं हाळी दिली. “आमच्या शिव्या भरून घ्यायला आलात का डब्यात?”

पास्कोंनी यंत्र दगडावर ठेवलं, झाकण उघडलं, कळ दाबली. रिळं फिरू लागली. रूबेननं “हय्या!” म्हणून आरोळी ठोकली, खांदे लागले आणि होडी हातभर पुढे सरकली. थर्झा भिंतीशी उभी होती. तिनं पास्कोंकडे बघितलं. पास्कोंचा चेहरा घामानं भिजला होता. त्यांनी दोनदा घसा खाकरला आणि मग, वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात, ते म्हणाले, “डुक्कर!”

होडी जागच्या जागी थांबली. सगळ्यांचे हात एकदम लोखंडाकडे धावले. कुणी नांगर धरला, कुणी कमरेची सुरी, कुणी वाकून बुटाच्या टाचेच्या नालेवर बोट ठेवलं. होडीत चढलेल्या एमॉसनं इंजिनाच्या झाकणावर दोन्ही तळवे टेकले. रूबेनचा रंग उडाला. थर्झाला वाटलं, झालं. सुटलो.

“कोण बोललं?” सायलसनं विचारलं.

“मास्तर,” कुणीतरी सांगितलं.

म्हातारा टोपलीवरून उठला, पास्कोंच्या समोर येऊन उभा राहिला आणि त्यांना खालीवर न्याहाळू लागला. सायलसच्या सुरकुत्या हळूहळू हलल्या आणि तो चक्क हसला.

“हा? अरे, हा बाहेरचा माणूस. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि म्हटला तोही कसा, तर पुस्तकातला! समुद्राला पुस्तकातलं काय कळतंय? त्याच्या कानावर आपली बोली पडत आलीय, बापजाद्यांपासून. आपल्या तोंडचा, आपल्या बोलीतला असेल तर लागतो. हा नाही लागत.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, भीती गेल्यावर माणसं हसतात तसे, गरजेपेक्षा मोठ्यानं. रूबेन सगळ्यांत मोठ्यानं. “मास्तर, आणखी म्हणा! दिवसभर म्हणा!”

म्हाताऱ्याचं खरं होतं. त्या जनावराला स्कारवाइकचा आपला वेगळा शब्द आहे, जुना, जाडाभरडा, शहरातल्या माणसाला चारदा सांगितला तरी न कळणारा. पास्को जो शब्द टिपायला आले होते, तो त्यांना ठाऊकच नव्हता. ठाऊक असता तरी त्यांच्या जिभेला तो वळला नसता.

रूबेनचं हसू ओसरलं. त्यानं भिंतीकडे पाहिलं. बायको तिथे का उभी आहे आणि मास्तरांना आजच ही बुद्धी का झाली, हे त्याला एका नजरेत कळलं.

“तू आणलंस यांना,” तो अगदी हळू म्हणाला.

थर्झा भिंतीपासून हलली नाही.

“घरी जा.” त्यानं होडीला खांदा लावला. “हय्या!”

होडी निघाली. चाकं दगडांवरून खडखडत गेली आणि पुढची जोडी पाण्यात शिरली. एमॉसनं इंजिन सुरू केलं. ते पहिल्याच झटक्यात धडधडू लागलं, आणि पोरानं मान वर करून आईला हात केला. त्याच्या मागे बंदराच्या तोंडाशी एक लाट उभी राहिली, फुटली नाही, नुसती उभी राहून आडवी झाली. त्या लाटेपलीकडे, खूप लांब, थर्झाला एक ठिपका दिसला. ईलायची होडी. ठिपका वर आला, लाटेमागे गेला, पुन्हा वर आला. तो जवळ येत नव्हता. हा अजून तिथे काय करतोय? तिचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा तो रांगत होता आणि त्याला काही दिसू नये म्हणून तिनं त्याला कडेवर घेऊन त्याचं तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

मागची चाकं पाण्याला टेकली. आणखी एक आरोळी, आणि होडी तरंगणार होती.

थर्झानं तो शब्द म्हटला.

आमच्या बोलीत, आमच्या तोंडचा, पुरा आणि स्पष्ट. तो मी इथे लिहिणार नाही. तुम्ही हे वाचाल तेव्हाही कुणाची ना कुणाची होडी बाहेर असेल.

या वेळी कुणी हसलं नाही. लोखंडाकडेही कुणी धावलं नाही, एवढे सगळे गारठले होते. मग एकेकानं होडीवरचा हात काढून घेतला. एमॉसनं इंजिन बंद केलं. रूबेन तेवढा खांदा लावून ढकलत राहिला, एकटा, मान खाली घालून. एकट्याला ती हलणार नव्हतीच.

“होडी वर घ्या,” सायलस म्हणाला. त्यानं टोपी काढली होती.

“माझी होडी आहे!” रूबेन ओरडला.

“होडी तुझी आहे, पोरा. समुद्र तुझा नाही.”

पुरुषांनी होडी मागे ओढली. थर्झाकडे कुणी बघत नव्हतं. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की दगडावरच्या यंत्राची रिळं अजून फिरताहेत.

“बंद करा ते! त्यात गेला तो!”

सायलस यंत्राकडे गेला, पण हातभर अंतर राखून. “मास्तर, हा डबा तो शब्द पुन्हा म्हणेल?”

पास्को खोटं बोलू शकले असते. “लावला तर म्हणेल,” ते म्हणाले. “तिच्याच आवाजात. जितक्यांदा लावाल तितक्यांदा.”

ते ऐकून तर सगळ्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो, एकदाच लागतो. हा तर बसून राहिला होता, आणि बाहेर ईलाय होता.

“समुद्रात फेका!”

“वेड लागलंय? समुद्राच्या कानातच नेऊन घालतोस?”

पास्कोंनी कुणी मागायच्या आत रीळ काढलं. त्यावर थर्झाच्या स्वयंपाकघरातलं सगळं बोलणं होतं, गावाची पाऊणशे-शंभर नावं होती. त्यांनी ते सायलसच्या पायाशी उतारावर ठेवलं. दोघांनी रूबेनच्या होडीतला नांगर उचलून आणला आणि त्याच्यावर ठेवला. थंड लोखंड. पास्को गाव सोडून गेले तेव्हा त्यांनी ते परत मागितलं नाही.

थर्झानं भिंतीतली लोखंडी कडी धरली. होड्या बांधायची जुनी, गंजलेली कडी. शब्द म्हटल्यावर लोखंडाला हात लावायचा असतो, नुसता लावायचा, पण तिनं मूठ आवळली आणि सोडली नाही. ईलाय आत येईपर्यंत सोडायची नाही, हे तिनं ठरवलं नव्हतं. हातानंच ठरवलं होतं.

दुपार व्हायच्या आत वारा आला. आधी पाण्यावर काळी रेघ दिसली, मग घरांच्या धुराड्यांतून शीळ वाजली, आणि मग एकदम सगळं आभाळ खाली उतरलं. बंदराचं तोंड पांढरं झालं. लांबची जागा, जिथे या वेळी रूबेन आणि एमॉस वाकून सापळे ओढत असते, तिथे नुसता फेस उसळत होता. सगळं गाव धक्क्यावर जमलं. ईलायची होडी मधेच दिसे, मधेच नाही.

ईलायची बायको हेपझी गर्दीतून वाट काढत भिंतीशी आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती थर्झासमोर उभी राहिली.

“तो बाहेर आहे, हे तुला माहीत होतं?”

“माहीत होतं.”

“माहीत असून?”

थर्झानं होकाराची मान हलवली. हेपझीनं हात उगारला. पण तो तसाच राहिला, आणि ती तोंड फिरवून सायलसजवळ जाऊन उभी राहिली. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं थर्झाला वाटलं. तिचा मुलगा पाच पावलांवर कोरड्या कपड्यांत उभा होता आणि तिला त्याच्याकडे बघायचीही लाज वाटत होती. त्याच्यासाठी तिनं भावाला समुद्राला देऊन टाकलं होतं. देताना एक क्षण तिला ते नीट कळलं होतं, आणि तरी तिनं दिलं होतं.

रूबेन आतापर्यंत होडीपाशी गर्दीकडे पाठ करून उभा होता. लांबच्या जागेकडे बघत. किती वेळ तो तसा बघत होता कोण जाणे. मग तो आला. कडी एका हातापुरतीच होती, म्हणून त्यानं आपला पंजा तिच्या मुठीवरून घालून लोखंड धरलं. पावसाचा सपकारा दोघांच्या तोंडावर बसत होता.

“हात गार पडलाय तुझा,” तो म्हणाला.

“लोखंड गारच लागतं.”

त्यानं पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “ईलाय उतावळा नाही. लाट मोजेल आणि मग घुसेल. तो माझ्यासारखा नाही.”

रूबेन थीकर असं काही बोलेल, हे त्या गावात कुणी सांगून खरं मानलं नसतं. थर्झाला रडू फुटलं. पण मूठ ढिली केली नाही.

ईलाय खरोखरच लाटा मोजत होता. होडी बंदराच्या तोंडाबाहेर नाक समुद्राकडे करून थांबली होती, मोठ्या लाटा अंगाखालून जाऊ देत होती. एक गेली. दुसरी गेली. तिसरी एवढी उंच आली, की होडी तिच्यावर उभीच राहिली आणि गर्दीतून किंकाळी उठली. मग एक शांत, सपाट क्षण आला. ईलायनं होडी वळवली आणि इंजिनाचा जीव काढत ती बंदराच्या तोंडात घातली. मागून पुढची लाट उठत होती. ती फुटली तेव्हा होडी फेसात नाहीशी झाली. थर्झानं डोळे मिटले नाहीत. वडिलांच्या वेळी मिटले नव्हते, आजही मिटले नाहीत.

फेसातून आधी नाक वर आलं, मग ईलायचा पिवळा कोट. होडी निम्मी पाण्यानं भरलेली, एक कड फुटलेली, पण आत होती, बंदराच्या आत. एमॉस सगळ्यांच्या पुढे छातीभर पाण्यात धावला आणि त्यानं दोर पकडला.

ईलायला उचलूनच उतारावर आणावं लागलं. ओठ निळे पडले होते. हेपझीनं त्याला मिठी मारली, शिव्या दिल्या, पुन्हा मिठी मारली. त्यानं तिच्या खांद्यावरून गर्दीत कुणालातरी शोधलं आणि त्याला रूबेन दिसला.

“अरे, तू इथे?” तो धापा टाकत म्हणाला. “मी तुझ्यासाठी थांबलो बाहेर! म्हटलं, हा सापळ्यांना येणारच, हट्टी आहे. एकटा सापडला तर दोर टाकायला कुणीतरी हवं. तिकडे लांबच्या जागेवर शोधत बसलो तुला. म्हणून तर उशीर झाला. का नाही आलास?”

थर्झानं रूबेनला अडवलं, आणि म्हणून ईलाय त्याला शोधत बाहेर राहिला होता. म्हणजे शब्द लागला होता. समुद्रानं ऐकला असेल नसेल, पण लागला होता. तिनं सांगायला तोंड उघडलं.

“इंजिन,” रूबेन म्हणाला.

“काय?”

“इंजिन चालू झालं नाही. सकाळपासून खटपट केली. नाहीच झालं.”

ईलाय त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. “तुझं इंजिन?”

“माझं इंजिन.”

ईलायनं आजूबाजूला बघितलं. गाव सगळं हजर होतं आणि एकाचीही नजर त्याला मिळत नव्हती. सायलस बुटांकडे बघत होता. हेपझीनं ओठ घट्ट मिटले होते. उताराच्या मधोमध, जिथे कधी कुणी ठेवत नाही अशा जागी, रूबेनचा नांगर उभा होता. आणि भिंतीशी त्याची बहीण कडी धरून उभी होती. नवऱ्याच्या पंजाखालून तिच्या मनगटावर गंजाचं लाल पाणी ओघळत होतं.

स्कारवाइकच्या माणसाला एवढं पुरतं. ईलाय बायकोला बाजूला करून, भिंतीचा आधार घेत, बहिणीपाशी आला.

“इंजिनंच ती,” तो म्हणाला. “पडायचीच कधीतरी बंद.”

त्यानं आपलं ओलं बोट रूबेनच्या हाताशेजारी कडीला लावलं. तेव्हा थर्झानं मूठ उघडली.